उंडेरा गावातील अठ्ठावीस घरे

घरात उंदीर मरून पडला की घर सोडावे, हा धडा विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील, उत्तर कर्नाटकातील आणि गुजराथेतील खेड्यापाड्यांतून कोणाला शिकवावा लागत नसे. ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द कानावर आले की गावात सामसूम पसरे. बैलगाड्यांत भांडीकुंडी, धान्याची पोती आणि तान्ही मुले घालून माणसे शिवारात जात, तट्ट्यांच्या व गवताच्या झोपड्या उभारीत आणि साथ ओसरेपर्यंत तेथेच संसार थाटीत. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले ती पिढी आज उरलेली नाही. पण ‘प्लेगच्या साली’ जन्मलेल्या किंवा निवर्तलेल्या माणसांची आठवण जुन्या घरांतून अजूनही निघते.

लोकांच्या या अनुभवात शहाणपण होते, परंतु उलगडा नव्हता. उंदराच्या मरणाचा माणसाच्या मरणाशी संबंध आहे इतके दिसत होते. तो संबंध कोणता, हे दिसत नव्हते. त्याहूनही गूढ अशी दुसरी गोष्ट होती. एकाच छपराखाली राहणारी, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी, एकाच आडाचे पाणी पिणारी दोन भावंडे असत. त्यांतील एकाला गाठ येऊन तो चार दिवसांत जाई आणि दुसऱ्याला काहीही होत नसे. याला कोणी प्रारब्ध म्हणे, कोणी देवीचा कोप म्हणे. रोग कशाने होतो आणि त्यातून शरीर आपला बचाव कसा करते, हे दोन प्रश्न मुळात निराळे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते दोन्ही एकदम हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन ठाकले. आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक अत्यंत स्वच्छ पुरावा 1898 साली बडोदे संस्थानातील उंडेरा नावाच्या लहानशा गावात मिळाला.

मांडवीतील पहिले रोगी

1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र ताप दिसू लागला. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींनी भरलेली आणि दाट वस्तीची पेठ. तेथील रोगी तपासून हा गाठीचा प्लेग आहे असे निदान प्रथम ज्यांनी केले ते डॉक्टर आकासियू गाब्रिएल व्हिएगश हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. हे निदान अनेकांना रुचले नाही. बंदर बंद पडेल, व्यापार बुडेल, शहर ओस पडेल, अशी भीती होती. आणि ती खरीही ठरली. काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली आणि त्यांच्या सामानाबरोबर रोगही आगगाडीच्या रस्त्याने पुण्यास, कराचीस, पुढे बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोहोचला. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे नाव दिले.

रोगाचे कारण त्या वेळी अगदीच अज्ञात होते असे नाही. दोनच वर्षांपूर्वी, 1894 मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांद्र येर्सिन या पाश्चरच्या संस्थेतील संशोधकाने रोग्यांच्या गाठींतून एक आखूड, दंडाकृती जंतू शोधून काढला होता. जपानी शास्त्रज्ञ कितासातो हाही त्याच वेळी त्याच शोधात तेथे होता. जंतू सापडला, पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. घाणीतून, जमिनीतून, दूषित हवेतून, रोग्याच्या कपड्यांतून असे अनेक तर्क होते. म्हणून मुंबईची गटारे धुऊन काढण्यात आली, कार्बोलिक ॲसिडचे फवारे मारण्यात आले, घरांची कौले उतरवून उन्हाला वाट करून देण्यात आली. त्यामुळे बिळांतील उंदीर मात्र शेजारच्या घरांत पळाले.

कारण अर्धवट कळले म्हणजे उपायही अर्धवट होतात, आणि सत्ता हाती असली तर ते अन्यायाचेही होतात. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेगचे अधिकारी म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली आणि गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. देवघरे, स्वयंपाकघरे, बायकांचा आडपडदा, कशाचाच मुलाहिजा राहिला नाही. त्याच वसंतात, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. 22 जून रोजी रात्री रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. या साऱ्या काळात रोगाचा खरा वाहक कोणाच्याच संशयाच्या यादीत अग्रभागी नव्हता.

तो वाहक म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. 1898 साली कराचीमध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने रोगट उंदरापासून निरोगी उंदराला केवळ पिसवांच्या द्वारे रोग होतो असा प्रयोग केला. त्याच्यावर प्रारंभी कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे 1905 नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या विस्तृत संशोधनाने ते मत पक्के झाले. प्लेगचा जंतू पिसवेच्या पोटात वाढतो आणि तिच्या अन्नमार्गाला जणू बूच बसवितो. भुकेने व्याकूळ झालेली पिसू पुनःपुन्हा चावा घेते, आणि रक्त आत न गेल्याने जंतूंसह ते परत जखमेत ओकते. उंदीर मेला, त्याचे शरीर थंड पडले, की पिसवा त्याला सोडून जवळच्या माणसाकडे वळतात. उंदीर पडल्यावर घर सोडण्याचा लोकांचा रिवाज बरोबर का होता, हे अशा रीतीने विज्ञानाने मागाहून सांगितले.

तारामाशाच्या अळीतील काटा

आता दुसरा प्रश्न. जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असे नाही. मग मधल्या मध्ये त्याला अडविते कोण?

या प्रश्नाचे एक उत्तर 1882 साली सिसिली बेटावरील मेसिना गावी मिळाले होते. तेथे समुद्रकाठी राहिलेला इल्या मेचनिकॉव हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. त्या अळ्यांच्या अंगात काही भटक्या पेशी फिरताना त्याला दिसत. त्याने एक लहानसा काटा घेऊन अळीच्या कातडीखाली खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो त्या भटक्या पेशींनी काट्याला चारी बाजूंनी वेढा घातलेला. परक्या वस्तूला घेरणाऱ्या, आणि ती लहान असली तर गिळून टाकणाऱ्या, या पेशींना पुढे भक्षक पेशी असे नाव मिळाले. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक मोठा वर्ग याच जातीचा आहे. जखमेत जमणारा पू हा बव्हंशी अशा मृत पेशींचाच ढीग असतो.

परंतु 1890 साली बर्लिन येथे बेरिंग आणि वर उल्लेखिलेला कितासातो यांनी दुसरेच उत्तर पुढे केले. धनुर्वाताच्या विषाच्या लहान लहान मात्रा टोचलेल्या प्राण्याचे रक्त घेऊन त्यातील पेशी वगळल्या, आणि केवळ वरचा पाण्यासारखा भाग दुसऱ्या प्राण्याला टोचला, तर त्या दुसऱ्या प्राण्याला धनुर्वाताचे विष बाधत नाही असे त्यांनी दाखविले. म्हणजे रक्षण पेशींत नसून रक्तरसात आहे! त्या रक्षक द्रव्यांना आज आपण प्रतिपिंडे म्हणतो. पेशी की रक्तरस, हा वाद पुढे कित्येक वर्षे पॅरिस आणि बर्लिन यांच्यामध्ये चालू राहिला. 1903 साली लंडनमध्ये राइट आणि डग्लस यांनी दाखवून दिले की रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंना चिकटून बसतात आणि त्यामुळेच भक्षक पेशींना ते गिळणे सोपे जाते. थोडक्यात, दोन्ही पक्ष खरे होते. 1908 सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव आणि रक्तरसाच्या पक्षाचा धुरीण पाउल एर्लिख या दोघांना मिळून देण्यात आले.

मेसिनाला जाण्यापूर्वी मेचनिकॉव काळ्या समुद्रावरील ओदेसा येथे प्राध्यापक होता. तेथे त्याचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव व्लादिमीर हाफकिन. 1860 साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या तरुणाला ज्यूंवरील हल्ल्यांचा प्रतिकार केल्याबद्दल अटक सोसावी लागली होती आणि धर्म न बदलल्यामुळे विद्यापीठात वरच्या जागेची वाट त्याला बंद होती. 1889 मध्ये तो गुरूच्या पाठोपाठ पॅरिसला पाश्चर संस्थेत आला आणि ग्रंथपालाच्या हाताखालची जागा पत्करून फावल्या वेळी प्रयोग करू लागला. पटकीच्या जंतूंची लस त्याने तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी तो हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या वस्त्यांपासून उत्तरेकडील छावण्यांपर्यंत सुमारे बेचाळीस हजार लोकांना त्याने ही लस टोचली. मुंबईत प्लेग उद्भवला त्या वेळी हिंदुस्थान सरकारला त्याचीच आठवण व्हावी हे साहजिक होते.

ग्रँट मेडिकल कॉलेजातील खोली

ऑक्टोबर 1896 मध्ये हाफकिन मुंबईस पोहोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा सरंजाम मिळाला. काम मात्र असे की ज्याचा एक थेंब बोटाच्या जखमेत गेला तर मृत्यू यावा.

लस करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे. परंतु गाय किंवा डुक्कर यांचे मांस वापरले तर हिंदू व मुसलमान दोघांचीही मने दुखावतील, म्हणून बोकडाच्या मांसाचा रस घेण्यात आला. त्या रसावर तुपाचे काही थेंब सोडीत. तरंगत्या तुपाच्या बुडाशी जंतूंची वाढ होई आणि छतावरून लोंबणाऱ्या झुंबरासारखी ती रसात खाली उतरे. भांडे हलविले की ती वाढ तुटून तळाशी बसे आणि तुपाखाली नवी वाढ सुरू होई. काही आठवडे असे चालल्यावर सारा रस सुमारे 65 ते 70 अंश उष्णतेवर तासभर तापवीत. या आचेने जंतू मरत. परंतु त्यांचे कलेवर आणि त्यांची ओळख कायम राहत असे. लसीचे सारे मर्म या एका गोष्टीत होते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे माणसांसाठी जी मात्रा ठरली तिच्या कितीतरी पट, म्हणजे 10 घन सेंटीमीटर, त्याने आपल्या शरीरात जाऊ दिली. ताप चढला, हात सुजला, दुखला, आणि काही दिवसांत तो बरा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांना विचारून, जे राजी झाले त्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस देण्यात आली. साथ संपली तेव्हा न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग होऊन 6 दगावले होते. टोचलेल्यांत दोघांनाच रोग झाला आणि दोघेही वाचले. त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथे हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तेथे टोचून घेतलेल्या 2197 लोकांपैकी 36 मेले. न टोचलेल्या 6033 लोकांपैकी मात्र 1482.

तथापि, शंका घेणाऱ्याला जागा उरली होतीच. जे स्वखुशीने लस घेतात ते मुळातच अधिक समंजस, अधिक स्वच्छ, अधिक खाऊनपिऊन असलेले नसतील कशावरून? ते चांगल्या घरांत राहत असतील. रोग त्यांच्या गल्लीत शिरलाच नसेल. हा आक्षेप खोडसाळ नव्हता. याचे उत्तर एकच होते. ज्यांची तुलना करावयाची ती माणसे एकाच घरातील पाहिजेत.

अठ्ठावीस घरे

बडोदे शहरापासून काही मैलांवर असलेल्या उंडेरा गावात प्लेग सुरू झाला होता. हे गाव आता शहराच्या वाढत्या वस्तीला जाऊन मिळाले आहे. त्या वेळी ते हजारभर लोकवस्तीचे एक खेडे होते. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यकारभाराच्या सहकार्याने फेब्रुवारी 1898 मध्ये तेथे टोचणीचे काम झाले. गावकऱ्यांना कुटुंबवार एकत्र बसविण्यात आले आणि प्रत्येक कुटुंबातील शक्य तो निम्म्या माणसांना लस देण्यात आली. पुरुष, स्त्रिया, मुले, सशक्त आणि अशक्त, दोन्ही भागांत जवळपास सारखे येतील अशी काळजी घेण्यात आली. एकूण 513 लोकांना टोचले. 437 टोचल्यावाचून राहिले. नंतर साऱ्यांनी पूर्ववत आपापल्या घरी, एकाच छपराखाली राहावयाचे होते.

सहा आठवड्यांनी गावाची घरोघर तपासणी झाली. त्या अवधीत अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरला होता. या अठ्ठावीस घरांत न टोचलेली माणसे 64 होती. त्यांतील 27 जणांना रोग झाला आणि 26 मृत्यू पावली. त्याच घरांत टोचलेली माणसे 71 होती. त्यांतील 8 जणांना रोग झाला आणि 3 मृत्यू पावली. म्हणजे न टोचलेल्या शंभरांत चाळीसांचा बळी गेला, तर टोचलेल्या शंभरांत चौघांचा.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. टोचलेल्यांपैकी आठजण आजारी पडले आणि तिघे गेले, हे हाफकिनने झाकले नाही. परंतु आजारी पडलेल्या आठांतील पाच जण वाचले; न टोचलेल्यांतील सत्तावीस रोग्यांपैकी एकटाच वाचला. दुसरी गोष्ट अशी की, प्रारब्ध एका घरातील अर्ध्या माणसांना एका रीतीने आणि उरलेल्या अर्ध्यांना दुसऱ्या रीतीने, तेही अठ्ठावीस घरांत एकसारखे, वागवील हे संभवत नाही. घर तेच, हवा तीच, पाणी तेच, उंदीर आणि पिसवा त्याच. फरक एकच होता, आणि तो माणसाच्या शरीराच्या आत होता.

मात्र या पुराव्याची किंमत कोणी दिली हे विसरून चालणार नाही. ज्यांना टोचले नाही ते त्याच घरांतील आई, बाप, मुले होती. गुणकारी ठरेल अशा औषधापासून काहींना दूर ठेवून तुलना करावी काय, हा प्रश्न आजही वैद्यकाच्या नीतिशास्त्रातील कठीण प्रश्नांपैकी एक आहे, आणि आता अशा प्रयोगांवर कडक निर्बंध आहेत. वैद्यकाच्या ग्रंथांत उंडेऱ्याचे आकडे येतात, त्या सव्वीस माणसांची नावे येत नाहीत.

शरीराची आठवण

त्या घरांतील टोचलेल्या माणसांच्या शरीरात घडले तरी काय? हाफकिनला सुद्धा याचे पूर्ण उत्तर ठाऊक नव्हते. आज ते बरेचसे ठाऊक आहे.

पिसवेच्या चाव्यातून आत आलेला जंतू प्रथम कातडीतील भक्षक पेशींच्या हाती सापडतो. एरवी तेथेच त्याचा निकाल लागावयाचा. परंतु प्लेगचा जंतू धूर्त आहे. काही पेशींच्या पोटात तो न मरता टिकून राहतो, आणि माणसाच्या अंगातील उबेत स्वतःभोवती असे आवरण धारण करतो की पुढच्या पेशींना त्याला गिळता येऊ नये. इतकेच नव्हे, जवळ येणाऱ्या पेशींत तो आपली विषारी द्रव्ये सोडून त्यांना लुळ्या करतो. लसिकावाहिन्यांतून वाहत तो जवळच्या लसिका ग्रंथीत पोहोचतो. पायाला चावा असेल तर जांघेत, हाताला असेल तर काखेत. या ग्रंथी म्हणजे शरीराच्या संरक्षणाची ठाणी. तेथे लढाई जुंपते, पेशींची गर्दी होते, रक्तस्राव होतो आणि ग्रंथी सुजून टणक होते. लोक जिला ‘गाठ’ म्हणत ती हीच. ती स्वतः रोग नव्हती. शरीराने केलेल्या प्रतिकाराची ती रणभूमी होती.

हा प्रतिकार बहुधा अपुरा पडे, कारण त्याला वेळ मिळत नसे. रक्तातील पांढऱ्या पेशींत असंख्य प्रकारच्या पेशी असतात आणि त्यांतील प्रत्येक प्रकार एका विशिष्ट परक्या द्रव्यालाच ओळखू शकतो. नेमक्या जंतूला ओळखणाऱ्या मूठभर पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते आणि त्या प्रतिपिंडे निर्माण करू लागतात. ही उपपत्ती 1957 साली मॅकफार्लन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने मांडली आणि पुढे ती खरी ठरली. परंतु या साऱ्याला एकदोन आठवडे लागतात, आणि प्लेग तर चार-पाच दिवसांत माणसाला नेतो. शरीर शिकेपर्यंत धडा संपून गेलेला असतो.

लस हा धडा आधीच देऊन ठेवते. मेलेल्या जंतूला रोग उत्पन्न करता येत नाही, पण त्याची ओळख पटविता येते. ती ओळख पटलेल्या पेशींपैकी काही, लढाई संपल्यावरही, वर्षानुवर्षे शरीरात टिकून राहतात. पुन्हा तोच जंतू आला की त्या विलंब न लावता कामाला लागतात. त्यांची प्रतिपिंडे जंतूच्या आवरणाला चिकटतात, आणि जो जंतू निसटत होता तो भक्षक पेशींच्या तावडीत येतो. लस स्वतः शत्रूशी लढत नाही. लढते ते शरीरच. म्हणूनच ती रोग झाल्यावर नव्हे, रोग येण्यापूर्वी घ्यावयाची असते. देवी एकदा येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हा बहुधा येत नाहीत, हे आपल्या पूर्वजांना अनुभवाने ठाऊक होते. त्या अनुभवामागील कारण हेच.

मुलकोवालची बाटली

उंडेऱ्यानंतर लसीची मागणी वाढत गेली. 1898 च्या साथीत हुबळीत तर तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले. मुंबईत आगाखानांनी स्वतः लस घेऊन आपल्या अनुयायांना धीर दिला आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. ऑगस्ट 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा उघडली. टोचणी स्वखुशीची असावी असा हाफकिनचा आग्रह होता. सोजिरांच्या दहशतीने जे साधले नव्हते ते समजुतीने साधू लागले होते.

अशा वेळी घात झाला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून, 53-एन या क्रमांकाच्या, ज्या 19 जणांना टोचले त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते, याबद्दल शंका नव्हती. ते कोठे शिरले, परळच्या प्रयोगशाळेत की गावात बाटली उघडताना, हा वादाचा प्रश्न होता. चौकशी मंडळाने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. लसीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची पूर्वीची रीत हाफकिनने सोडली होती, हे त्याच्याविरुद्ध गेले. त्याला कामावरून दूर करण्यात आले आणि 1904 मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला.

पुढे पुराव्याची फेरतपासणी झाली तेव्हा निराळेच चित्र दिसू लागले. त्या दिवशी बाटलीचे बूच काढणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. ते कित्येक आठवडे बाटलीत वाढले असते तर ती उघडताच दुर्गंधी यावयास हवी होती. तशी ती आली नव्हती. सिकंदराबाद येथे 1897 साली डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढणारे रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूने उभे राहिले. 1907 मध्ये त्यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’ पत्रात जाहीर पत्र लिहिले आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिनला पुन्हा नोकरीवर बोलावले. पण लस करण्याचे जुने काम त्याला पुन्हा लाभले नाही. कलकत्त्यास काही वर्षे काढून तो निवृत्त झाला. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले आणि 1930 साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्याचा अंत झाला.

मुलकोवालने पेशी आणि प्रतिपिंडे यांच्या पलीकडचा धडा दिला. ज्या धनुर्वाताच्या अभ्यासातून बेरिंग आणि कितासातो यांना रक्तरसातील रक्षक द्रव्यांचा शोध लागला, त्याच धनुर्वाताने त्या एकोणीस जणांचा घात केला. शास्त्र चुकले नव्हते. एका बाटलीशी व्हावयाची ती स्वच्छता झाली नव्हती. परंतु गावकऱ्यांच्या लेखी शास्त्र आणि बाटली यांत भेद नसतो, आणि तो असावा अशी अपेक्षाही रास्त नव्हे. सुई टोचून घेणारा माणूस शास्त्रावर नव्हे, समोर उभ्या असलेल्या माणसावर विश्वास ठेवीत असतो.

आजचा संदर्भ

1896 पासून पुढच्या अर्धशतकात प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. नंतर कीटकनाशके आली, स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली आणि प्लेग हा वेळीच ओळखल्यास बरा होणारा रोग ठरला. हाफकिनची लस आता सरसकट वापरली जात नाही. तिचे संरक्षण फार काळ टिकत नसे आणि फुप्फुसांच्या प्लेगावर तिचा भरवसा देता येत नसे. परंतु रोग मुळासकट गेला असे म्हणता येत नाही. 1994 साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्याच्या बातम्यांनी पुन्हा एकदा आगगाड्या माणसांनी भरून वाहिल्या. 2020 मध्ये करोनाची साथ आली तेव्हा 1897 सालचाच तो कायदा पुन्हा बाहेर निघाला आणि लस घ्यावी की न घ्यावी ही जुनीच कुजबूज घराघरांतून ऐकू आली.

अशी कुजबूज ऐकू आली म्हणजे रागावून उपयोग नाही. भीती ही अडाणीपणाचीच खूण असते असे नव्हे. ती पुष्कळदा पूर्वी झालेल्या अन्यायाची किंवा अपघाताची आठवणही असते. पुण्याच्या लोकांनी सोजीर पाहिले होते, मुलकोवालच्या लोकांनी एकोणीस प्रेते पाहिली होती. शरीर ज्याप्रमाणे एकदा भेटलेल्या शत्रूला विसरत नाही, त्याचप्रमाणे समाजही विसरत नाही. त्या आठवणीला उत्तर द्यावयाचे तर ते उंडेऱ्याच्या रीतीनेच दिले पाहिजे. लोकांना विचारून, त्यांच्या डोळ्यांदेखत, यश आणि अपयश दोन्ही मोजून. टोचलेल्यांतील तीन मृत्यू ज्या कागदावर लिहिले होते त्याच कागदावर न टोचलेल्यांतील सव्वीस मृत्यूही लिहिले होते, आणि म्हणूनच तो कागद सव्वाशे वर्षांनंतरही विश्वासाने वाचता येतो.